आप्पांनी विहीर सांगितली, तू यादी वाचलीस

या आठवड्याचं पत्र कराडहून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मी ३१ वर्षांचा, पुण्यात आयटीत नोकरीला. घर कराडला. वडील, म्हणजे आमचे आप्पा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. दिवाळीत काका, चुलतभाऊ असे सगळे जमलो होतो. जेवताना विषय निघाला, आजवरची सगळ्यात भारी मालिका कोणती. मी म्हणालो, 'द वायर', ती अमेरिकेतल्या पोलिसांची आणि गर्द विकणाऱ्यांची मालिका. आप्पा म्हणाले, 'दूरदर्शनवरची तमस, फाळणीवरची. त्यातली ती विहीर मी अजून विसरलेलो नाही.' चुलतभाऊ 'ब्रेकिंग बॅड'वर अडून बसला. आवाज चढले. मी मोबाईल काढला आणि ४३ देशांतल्या २०६ जाणकारांनी निवडलेली यादी सगळ्यांना वाचून दाखवली. त्यात 'द वायर' पहिली आहे. आप्पांना म्हणालो, 'तुमच्या वेळी एकच चॅनेल होतं, जे लागेल ते तुम्हाला भारीच वाटायचं.' आप्पा त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून फोन केला की 'आईला देतो' म्हणतात. 'तमस' मी पाहिलेली नाही. यूट्यूबवर दोन-चार तुकडे पाहिले, फार संथ वाटले. माझे दोन प्रश्न आहेत. माझं म्हणणं बरोबर आहे ना? आणि ते आप्पांना कसं पटवू?"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. तू दोन प्रश्न विचारलेस. तिसरा विचारला नाहीस, पण त्याचंच उत्तर आधी देते, कारण त्याशिवाय बाकीचं पुढे सरकणार नाही. तुझं चुकलं कुठे?

तुझ्याच पत्रातलं वाक्य पुन्हा वाच. "ती विहीर मी अजून विसरलेलो नाही." एखाद्या मालिकेबद्दल माणूस याहून मोठं काय बोलणार? आप्पांनी १९८८ साली पाहिलेला एक प्रसंग इतकी वर्षं सांभाळून ठेवला आणि त्या दिवशी पोराच्या पुढ्यात ठेवला. "कुठली विहीर, आप्पा?" एवढंच विचारायचं होतं. तू त्यांना नंबर वाचून दाखवलास, तोही भावापुतण्यांच्या देखत. वर म्हणालास की तुम्हाला निवडच नव्हती, म्हणून तुम्हाला ते आवडलं. तुला वाटतंय आप्पा मालिकेवरून रुसलेत. मला तसं वाटत नाही. त्यांच्या आयुष्यात खोल गेलेली एक गोष्ट तू "जे लागेल ते" म्हणून बाजूला सारलीस, ते त्यांना लागलंय.

आता यादीचं. तुझ्या हातातली यादी बीबीसीची, २०२१ सालची. आकडे तू बरोबर दिलेस, २०६ जाणकार, ४३ देश, पहिली 'द वायर', मग 'मॅड मेन', मग 'ब्रेकिंग बॅड'. पण त्या यादीचं शीर्षक नीट वाचलं असतंस तर ती खिशातच ठेवली असतीस. ती एकविसाव्या शतकातल्या मालिकांची यादी आहे. 'तमस' १९८८ची. ज्या शर्यतीत आप्पांचा घोडा उतरलेलाच नव्हता, तिचा निकाल तू त्यांच्या अंगावर टाकलास. त्या यादीत तर 'द सोप्रानोज'सुद्धा नाही, कारण ती जानेवारी १९९९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेनं २०१३ मध्ये सगळ्या काळातल्या उत्तम लिहिलेल्या १०१ मालिकांची यादी काढली, तिच्यात 'सोप्रानोज' पहिली आणि 'द वायर' नववी. मग आता काय करणार? नववी आली म्हणून तुझी मालिका लहान झाली का? पाच सीझन चालून 'द वायर'ला एकही एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला नाही, नामांकनं अवघी दोन आणि दोन्ही लेखनासाठी. २००२ ते २००८ मध्ये ती चालू होती तेव्हा पाहणारेही थोडेच होते. त्या वेळी कुणी तुला पुरस्कारांची यादी काढून दाखवली असती तर तू ती मानली असतीस? नसतीसच. मग आप्पांनी तुझी का मानावी?

इथं तुला वाटेल की मी आता "आवड आपापली" म्हणून विषय गुंडाळणार. तसं मी म्हणणार नाही. ते वाक्य मला मनापासून नको वाटतं. "आवड आपापली" म्हटलं की बोलणंच संपतं, दोघेही आपापल्या खोलीत जाऊन आपापलं बघतात. सर्वांत मोठी मालिका कोणती, हा वाद घालण्यासारखा आहे. त्यात माणूस काय पाहून हलतो ते कळतं. फक्त तो यादीनं घालायचा नाही, प्रसंगानं घालायचा.

तर तुझा पहिला प्रश्न. बरोबर कोण? माझं मत विचारशील तर मी तुझ्या बाजूची आहे. मी पाहिलेल्या मालिकांत 'द वायर' सगळ्यांत मोठी. पण हे मत तुझ्याआधी मला कमवावं लागलं, ते कसं ते सांगते.

माझ्या मावसभावानं न्यू जर्सीहून येताना तिच्या डीव्हीडींचा संच आणला होता. पहिल्यांदा मी दोन भाग पाहून सोडून दिली. बोली कळेना, नावं लक्षात राहीनात, कोण पोलीस आणि कोण गर्दुल्ला याचा पत्ता लागेना. पुढे पाय मोडला, दीड महिना अंथरुणात काढला, तेव्हा पुन्हा लावली. या वेळी वहीत नावं लिहीत गेले. तिसऱ्या भागात मी अडकले आणि मग साठही भाग संपवले.

तिसऱ्या भागात काय आहे ते तुला ठाऊकच आहे, पण आप्पांना सांगताना कसं सांगायचं म्हणून लिहिते. बाल्टिमोर शहरातली सरकारी घरांची वस्ती. मधल्या मोकळ्या जागेत एक भगव्या रंगाचा फाटका कोच टाकलेला. त्यावर दोन पोरं बसलीत, गल्लीत गर्द विकणारी. पुढ्यात बुद्धिबळाचा पट आहे, पण खेळतायत चेकर्स, त्याच पटावरचा एक सोपा खेळ, कारण बुद्धिबळ त्यांना येत नाही. त्यांच्यावरचा मुकादम, डिअँजेलो, येतो आणि सोंगट्या ओळखून द्यायला लागतो. हा राजा, हा फारसा हलत नाही, बाकीचे सगळे त्याच्यासाठी मरतात. ही राणी, ही वाटेल तिकडे जाते, कामं हीच उरकते. हा हत्ती म्हणजे आपला माल, आज इथं, उद्या तिथं. पोरांना लगेच कळतं, कारण हे सगळं ते रोज जगतायत. मग एक पोरगं, बोडी, प्याद्याकडे बोट दाखवून विचारतो, हे पार पलीकडे पोचलं तर राजा होतं का? डिअँजेलो म्हणतो, राजा राजाच राहतो. प्यादी लवकर मरतात. बोडी म्हणतो, हुशार प्यादं असेल तर नाही मरणार. बस, एवढंच. कुणी भाषण देत नाही, संगीत वाजत नाही. आणि तो प्याद्याचा धागा थेट चौथ्या सीझनमध्ये त्याच बोडीपाशी परत येतो. कसा, ते आप्पांना आधी सांगू नकोस. माझ्या वाचकांनाही मी सांगत नाही.

हे फक्त मालिकाच करू शकते. सिनेमाला दोन-अडीच तासांत प्यादं पेरून पन्नास भागांनी उगवता येत नाही. 'द वायर' मोठी का, याचं माझं उत्तर हे आहे. लांबीचा इतका प्रामाणिक उपयोग दुसऱ्या कुणी केलेला मी पाहिला नाही. पहिल्या सीझनमध्ये रस्त्यावरचा धंदा आणि पोलीस. दुसऱ्यात बंदर. तिसऱ्यात महापालिकेचं राजकारण. चौथ्यात शाळा. पाचव्यात वर्तमानपत्र. एकेका सीझनला शहराची एकेक भिंत उघडत जाते आणि आतली तीच सडलेली वायरिंग दिसते. कागदावरचे आकडे सुधारायचे म्हणून पोलीस गुन्हे लपवतात, तसेच आकडे सुधारायचे म्हणून शाळा पोरांना परीक्षेपुरतं घोकवते.

ते इतकं खरं उतरलं कारण लिहिणारी माणसं आत राहून आलेली होती. डेव्हिड सायमन 'बाल्टिमोर सन' या वर्तमानपत्रात बारा-तेरा वर्षं पोलीस बातमीदार होता. त्याचा जोडीदार एड बर्न्स बाल्टिमोरच्या पोलीस खात्यात वीस वर्षं होता आणि नंतर त्याच शहरात शाळामास्तर झाला. चौथा सीझन त्या मास्तरकीतूनच आलाय. मालिकेत चर्चमधला एक वयस्क डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, आहे, शांत, समजूतदार. ते काम करणारा मेल्विन विल्यम्स हा एके काळी बाल्टिमोरमधला बडा ड्रग विक्रेता होता आणि १९८४ मध्ये त्याला पकडणाऱ्यांत हाच एड बर्न्स होता. हे मला कळलं तेव्हा मी डीकनचे सगळे प्रसंग परत लावून पाहिले.

आणि ती शाळा! वर्गात एक मुलगी दुसरीच्या गालावर ब्लेड मारते. आरडाओरडा, रक्त, मास्तर गोठलेला. मारणारी पोरगी मग एका बाजूला भिंतीशी बसून राहते, तिच्याजवळ कुणी जात नाही. तेव्हा डूकी नावाचा मुलगा, वर्गातला सगळ्यांत मळका, ज्याच्या कपड्यांच्या वासामुळे कुणी शेजारी बसत नाही, तो तिच्यासमोर उकिडवा बसतो. त्याच्या हातात एक छोटा मोडका हातपंखा असतो, बॅटरीवर चालणारा, त्यानंच खटपट करून चालू केलेला. तो पंखा तो तिच्या चेहऱ्यासमोर धरतो. मी मास्तरणीची मुलगी, आईच्या तोंडून वर्गातल्या किती गोष्टी ऐकलेल्या. पण त्या पंख्यापाशी मी टीव्ही थांबवून बसून राहिले होते.

तुझ्या चुलतभावाला एवढंच सांग की 'ब्रेकिंग बॅड' फार घट्ट विणलेली गोष्ट आहे, ६२ भागांत एक टाका सैल नाही. पण ती एका माणसाची गोष्ट आहे. 'द वायर' एका शहराची. मी शहर निवडते. त्याला पटलं नाही तर त्यानं एक प्रसंग सांगावा, तूही एक सांग.

आता 'तमस'.

त्या जानेवारीत मी तेरा वर्षांची होते, मिरजेत. आमच्याकडे टीव्ही नव्हता, वाड्यात खालच्या काकूंकडे होता. रविवारी सकाळी 'रामायण' चालू असायचं, तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, समईसुद्धा लावायचे. त्याच टीव्हीसमोर, त्याच सतरंजीवर 'तमस'चा पहिला भाग पाहिला. अंधाऱ्या झोपडीत नथू नावाचा चांभार आणि एक डुक्कर. कुणीतरी पाच रुपये हातावर ठेवून सांगितलंय, डॉक्टरसाहेबांना हवंय, मारून दे. नथूनं आयुष्यात मेलेल्या जनावरांची कातडी काढलीत, डुक्कर कधी मारलेलं नाही. ओम पुरी घामानं निथळतोय, डुक्कर मरत नाहीय. प्रसंग संपतच नाही. काकूंनी तोंड फिरवलं होतं, माझी आजी पदर तोंडाला लावून बघत होती. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि नथूला कळतं की आपल्या हातून काय करवून घेतलंय. भाग संपला तेव्हा कुणी "चला" म्हणालं नाही. एकेक जण उठून गेलं. जिन्यात कुणी बोललं नाही.

तू म्हणतोस संथ. दोन मिनिटांच्या तुकड्यात तो प्रसंग म्हणजे नुसता माणूस आणि डुक्कर. तो लांब आहे म्हणूनच तो आहे. नथूला जेवढं नकोसं होतं तेवढंच आपल्याला व्हायला हवं, तरच सकाळची मशिदीची पायरी अंगावर येते. तू तर 'द वायर'च्या पहिल्या सीझनमध्ये पोलिसांना गर्द विकणाऱ्यांच्या पेजरवरच्या सांकेतिक आकड्यांवर दिवसेंदिवस डोकं खाजवताना पाहिलंस. मग एकाला सुचतं की फोनच्या बटणांवर मधल्या पाचावरून उडी मारायची, एकचा नऊ, दोनचा आठ, आणि पाचाचा शून्य. त्या क्षणी तुला जो आनंद झाला तो आधीच्या थांबण्यातून आला होता. थांबायचं कसं ते तुला येतं. आप्पांच्या मालिकेसाठी तू थांबला नाहीस, इतकंच.

"एकच चॅनेल होतं" हे तुझं म्हणणं खरं आहे, पण ते आप्पांच्या बाजूनं जातं. त्या एका चॅनेलवर काय काय लागायचं, शेतीविषयक चर्चा, कंटाळवाणे कार्यक्रम, नीरस नाटकं. आम्ही तेही सगळं पाहिलं आणि विसरलो. लागेल ते भारी वाटत असतं तर आप्पांना तेही आठवलं असतं. त्यातून त्यांच्याकडे राहिली ती विहीर.

ती विहीर कुठली, ते आता मी सांगते, म्हणजे तू अगदी रिकाम्या हातानं जाणार नाहीस. गावातले शीख गुरुद्वारात अडकलेत, बाहेर जमाव आहे. हरण्याची वेळ येते तेव्हा बायका एका रांगेत, लेकरं कडेवर घेऊन, पाठ म्हणत विहिरीकडे चालत जातात. पुढे जसबीर आहे, ते काम उत्तरा बावकर यांचं. हे कुणी रचलेलं नाही. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावात बायकांनी अशाच विहिरीत उड्या घेतल्या होत्या. कादंबरी लिहिणारे भीष्म साहनी रावळपिंडीचेच. त्या दिवसांत ते काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून तिथं काम करत होते. पण ते सगळं त्यांनी कागदावर आणलं ते पंचवीसेक वर्षांनी आणि त्याला कारण झालं आपलं भिवंडी. १९७० च्या दंगलीनंतर ते भाऊ बलराज साहनी यांच्याबरोबर भिवंडीत गेले होते. ओस पडलेली घरं, बंद पडलेले माग पाहून त्यांना रावळपिंडी आठवली आणि मग 'तमस' लिहिली गेली. गोविंद निहलानींनी त्यावर मालिका केली तेव्हा साहनींनी स्वतः तिच्यात हरनाम सिंगचं काम केलं. म्हातारा हरनाम आणि त्याची बायको बंतो, म्हणजे दीना पाठक, चहाचं दुकान टाकून रातोरात पायी निघतात आणि एका मुसलमान घराचं दार ठोठावतात. दार उघडते ती सुरेखा सिक्री. तिच्या तोंडावरचा तो क्षण बघ, आत घेऊ की नको. या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जे स्वतः घर सोडून आले त्या लेखकानं घर सोडणाऱ्याचं काम केलं, हे लक्षात ठेवून तो प्रसंग पाहा.

मालिका चालू असताना ती बंद पाडायचा प्रयत्न झाला. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गेला, स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी पूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दाखवायला हरकत नाही असा निकाल दिला. दंगल घडत नाही, घडवली जाते, पाच रुपये देऊन घडवली जाते, हे सरकारी चॅनेलवर सगळ्या देशानं एकाच वेळी पाहिलं. फाळणीत घर सोडून आलेली माणसं तेव्हा हयात होती, तीही पाहत होती. असं पाहणं आता कुठल्याच मालिकेच्या वाट्याला येत नाही. आप्पा "तमस" म्हणतात तेव्हा त्यात ते सगळं आलं.

मग मी 'द वायर' वर का ठेवते? 'तमस' पाच तासांच्या आतबाहेरची आहे. तिला मी टीव्हीवर लागलेला एक मोठा सिनेमा म्हणते, आणि मालिका म्हणून तोलायचं तर साठ भागांत एक शहर उभं करणाऱ्याचं पारडं माझ्या लेखी जड आहे. पण नुसता एकेक प्रसंग तोलायला घेतला, तर तो पंखा आणि ती विहीर यांत मला निवडता येत नाही. आप्पांनी विहीर धरली तर त्यांना चुकीचं ठरवायला माझ्याकडे काहीही नाही. तुझ्याकडे तर त्याहून कमी आहे, कारण तू ती पाहिलेलीच नाहीस. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, तुझं मत मला मान्य आहे, पण ते आप्पांसमोर मांडायचा हक्क तुला अजून मिळायचाय.

दुसरा प्रश्न, कसं पटवू. तू आधी पटवायला जाऊच नकोस. पुढच्या शनिवारी कराडला जा. फोनवर माफी मागू नकोस, ते पुन्हा "आईला देतो" म्हणतील. चारचौघांत बोललास, म्हणून काका घरी असतील अशी वेळ बघ आणि त्यांच्यासमोर एका वाक्यात मागे घे. "आप्पा, मी न बघता बोललो, चुकलं." पुढे "पण" लावू नकोस. मग म्हण, "मला 'तमस' दाखवा." "आपण बघू" असं नको, "दाखवा" म्हण. दाखवणारे ते, बघणारा तू. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. एका दिवसात सगळी संपवायची घाई नको, दोन रात्री घ्या. विहीर येईल तेव्हा त्यांच्याकडे बघू नकोस, पडद्याकडे बघ. संपल्यावर ते बोलतील तेवढं ऐक.

मग 'द वायर'ची पाळी येऊ शकते, त्याच आठवड्यात नाही. काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. सबटायटल लावच, ती बोली तुला-मलाही नुसती ऐकून कळत नाही. अक्षरं मोठी कर, आप्पांचा चष्मा लक्षात घे. आणि इंग्रजी अक्षरं पळतात, म्हणून रिमोट त्यांच्या हातात दे, त्यांना हवं तिथं थांबवू दे. नावं एका कागदावर लिहून दे, एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला धंदेवाले. मालिकेत शिव्या खूप आहेत, उघडेवाघडे प्रसंगही आहेत. एका प्रसंगात दोन पोलीस खुनाची जागा तपासताना मिनिटामागून मिनिटं फक्त एकच शिवी वेगवेगळ्या सुरांत देत राहतात. वडिलांशेजारी बसून ते पाहताना अवघड होईल. तेव्हा पहिला भाग त्यांना एकट्यांना बघू दे. पुढचं बरोबर बघायचं की नाही ते तेच ठरवतील.

पहिल्या भागात सुरुवातीलाच काय आहे ते आठव. रस्त्यावर मेलेलं पोरगं, पायरीवर बसलेला साक्षीदार आणि पोलीस. हा मेलेला दर शुक्रवारी फाशांचा डाव रंगला की पैसे उचलून पळायचा, बाकीचे त्याला पकडून बदडायचे. पोलीस विचारतो, मग त्याला खेळायला घेताच कशाला? साक्षीदार म्हणतो, घ्यावंच लागतं, ही अमेरिका आहे. आप्पांना इंग्रजी कमी कळलं तरी हा प्रसंग कळेल. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ज्यानं नोकरी काढली त्या माणसाला माणसं कळतात.

आणि एक सांगायचंच राहत होतं. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, दुसरा सीझन रटाळ आहे, आप्पांना तो गाळून दाखवेन. मी ते वाक्य वर दिलं नव्हतं, पण त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. गाळू नकोस. तो सीझन गोदी कामगारांचा आहे. युनियनचा पुढारी फ्रँक सोबोत्का, ज्याच्या बंदरात जहाजं कमी होत चाललीत, माणसांना आठवड्यातले थोडेच दिवस काम मिळतंय, पोराला देण्यासारखं आपल्याकडे काय उरलं हे ज्याला कळत नाही. आपल्या माणसांना काम राहावं म्हणून तो जे करतो ते चूक आहे आणि तरी त्याचा राग येत नाही. तू आयटीत आहेस, म्हणून तुला ते रटाळ वाटलं असेल. आप्पांनी बसखाली झोपून पाने फिरवलेत, त्यांच्या सोबत्यांनी २०२१-२२ मधला लांबलेला संप भोगलाय. मला वाटतं, पाच सीझनांत आप्पांचा सीझन तोच ठरेल. तो पाहून ते तुला असं काही सांगतील जे चौथ्यांदा बघूनही तुझ्या लक्षात आलं नसतं. ते ऐकायला तिथं हजर राहा.

एवढं सगळं होऊनही ते "तमसच" म्हणाले तर म्हणू दे. मीही अजून 'द वायर'च म्हणते.

एक मात्र मला पत्र वाचताना पहिल्यापासून खटकतंय. काका आले, चुलतभाऊ आला, आप्पा आले. आई मात्र फोन घेण्यापुरती आली. जानेवारी १९८८ मध्ये ती कुठे होती, तिनं ती विहीर पाहिली होती का, दिवाळीत त्या ताटांवर वाढताना तिच्या मनात कुठली मालिका होती, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. शनिवारी गेलास की आधी तिला विचार.